मूल कोणासाठी?



घरात दोन मुलीच असल्या की वडीलधारी माणसे विचारतात, "मेल्यावर तोंडात पाणी कोण घालणार?" दीक्षा घेतलेल्या घरांतही हा प्रश्न ऐकू येतो. या पाठात त्याचाच विचार करू.

'पुत्' नावाच्या नरकातून बापाला तारतो तो पुत्र, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे जन्माआधीच लेकराच्या डोक्यावर बापाच्या परलोकाचे ओझे! मुलीला तो अधिकार नाही, म्हणून ती नकोशी झाली. परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पिंडच द्यायचा नाही, तर पिंडासाठी मुलगा कशाला हवा?

भगवान बुद्धांनी नित्य आत्मा मानला नाही. लेकरू अधू जन्मले तर 'मागल्या जन्मीचे पाप' म्हणून त्याला किंवा त्याच्या आईला बोल लावणे धम्माला धरून नाही. त्याला दवाखान्यात न्यावे, शाळेत घालावे.

मुलगी झाल्याचे ऐकून कोसलराजा प्रसेनजित खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलाहूनही श्रेष्ठ निघू शकते, असे तथागतांनी त्याला सांगितले. गर्भलिंगतपासणीवर महाराष्ट्राने १९८८ साली कायद्याने बंधने घातली. पण नरकाची भीती मनातून कायद्याने जात नाही. ती आपणच काढली पाहिजे.

मग मूल केव्हा होऊ द्यावे? नागपुरातच, २० जुलै १९४२ रोजी, महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना बजावले होते की, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देणे हा अपराध आहे. ज्याला पोटभर अन्न, शिक्षण आणि माया देता येईल, त्यालाच जन्म द्यावा. ज्यांना मूल नाही, त्यांचे काहीही बुडत नाही.

म्हाताऱ्यांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. तिच्यात नरकापेक्षा एकटेपणाचे भय अधिक असते. त्यांना पाणी जिवंतपणी द्या. ते मुलीच्या हातूनही तितकेच गोड लागते.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर घरातील सर्वांनी बसून या प्रश्नावर मोकळेपणाने बोलावे. मुलींनाही बोलू द्यावे.

जय भीम!