गिऱ्हाईक पेटी उघडतें तेव्हां

माल शेतांतून निघाला, वजन झालें, भाव ठरला, कीं आपलें काम संपलें, अशी आपणां शेतकऱ्यांची सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः गिऱ्हाइकाचा आपल्याशीं संबंध तेथूनच सुरू होतो. तें आपली बाग पाहत नाहीं, आपले कष्ट जाणत नाहीं. त्याच्यापुढें असते ती केवळ उघडलेली पेटी. ती त्याच्या नजरेनें कशी पाहावी, याचा विचार आम्ही येथें द्राक्षांच्या उदाहरणावरून करणार आहों.

१९९१ सालीं द्राक्षबागाईतदारांच्या सहकारी संस्थांनीं एकत्र येऊन महाग्रेप्स ही संस्था उभी केली, व युरोपांत द्राक्षें पाठविण्याच्या कामास संघटित रूप आलें. समुद्रमार्गें हा प्रवास तीन आठवडे वा त्याहून अधिक चालतो. बागेंत आपण घडाचा आकार व गोडी पाहतों. गिऱ्हाईक प्रथम देठ पाहतें. देठ हिरवा असला तर माल ताजा, तपकिरी पडला तर शिळा, हा त्याचा निवाडा मणी तोंडांत घालण्यापूर्वींच झालेला असतो.

या निवाड्याचें मूळ बहुधा तोडणीच्या दिवशींच असतें. पहाटेच्या गारव्यांत तोडलेला घड त्वरित ४ अंश सेल्सिअसच्या खालीं थंड करून पुढें ० ते १ अंशांत ठेवला, तर देठ टिकतो. तोच क्रेट दोन तास उन्हांत राहिला, तर त्या दिवशीं फारसें कांहीं दिसत नाहीं. दोष उमटतो तो महिन्यानें, परक्या घरीं. थंड पेटी वाटेंत उबेंत आली, तर मण्यांवर पाणी धरतें. त्या ओलीनें पेटींतील गंधकवायूचा कागद एकदम वायू सोडतो व मणी पांढरे पडतात. शिवाय कुजीसही वाव मिळतो.

डोळ्यांस न दिसणारा दोष याहून घातक. २०१० सालीं आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक द्रव्याचा अंश सांपडला व युरोपांत माल नाकारला गेला. तेव्हांची तेथील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलो द्राक्षांत अवघा १ मिलिग्रॅम, एवढी होती. येथें ज्या द्रव्यांची तपासणी होत असे, त्या यादींत हें नव्हतें. त्यामुळें ज्यांनीं नियम पाळले असें मानलें, तेही बुडाले. परंतु जी आई तीं द्राक्षें मुलापुढें ठेवते, तिला आपली यादी काय होय? तिचा विश्वास एकदां उडाला, तर तिला दुसऱ्या देशचीं द्राक्षें मिळतात.

तेव्हां आमची सूचना अशी :

१. दर तोडणीची एक पेटी शीतगृहांत राखून ठेवावी. माल पोंचण्याच्या सुमारास ती बाहेर काढून दोन दिवस घरांत ठेवावी, आणि बागेंत काम न करणाऱ्या माणसाकडून उघडवावी. देठ, गळलेले मणी, कुज व वास यांची नोंद करावी.

२. व्यापाऱ्यास केवळ भाव विचारूं नये. टाकून काय दिलें, तें विचारावें.

३. प्रत्येक तक्रार तारीख, बागेचा तुकडा व पेटीचा क्रमांक यांसह वहींत लिहावी. सारख्याच तुकड्याची तक्रार दोनदां आली, तर दोष बाजाराचा नव्हे, आपला समजावा.

४. फवारणीपूर्वीं त्या द्रव्याची मर्यादा आपल्या देशांत किती, एवढेंच न पाहतां माल जाणार तेथें किती, हेंही पाहावें.

जवळच्या पेठेंत माल विकणाऱ्यासही हें लागू आहे. वर मोठे घड व तळाशीं बारीक, अशी भरलेली पाटी एकदां खपते. दुसऱ्या वेळीं गिऱ्हाईक कांहीं न बोलतां शेजारच्या पाटीकडे वळतें. तक्रार करणारें गिऱ्हाईक अजून आपलें असतें. मुकाट्यानें गेलेलें परत आणणें फार कठीण, हें बागाईतदारांनीं ध्यानांत ठेवावें.