एकट्याचं मायनिंग आणि 95 वर्षांची वाट

प्रश्न : पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंग शिकतो. बिटकॉइन मायनिंगचं मशीन घेऊन आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लावू म्हणतो. एकट्यानं परवडेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : हे मशीन नुसते आकडे चाळतं. एक आकडा बदलायचा, त्यावरून गणितानं निघणारा संकेतांक, म्हणजे हॅश काढायचा, ठरलेल्या मर्यादेखाली आला का बघायचं. नाही तर पुढचा. जगात साधारण दर 10 मिनिटांनी कुणाचा तरी नंबर लागतो. एप्रिल 2024 पासून त्याला 3.125 बिटकॉइन आणि व्यवहारांचं शुल्क मिळतं. सोलोमध्ये, म्हणजे एकट्यानं करताना लागला तर सगळं तुमचं, नाही तर छदामही नाही.

तुमचं मशीन 200 टेराहॅशचं (हॅश काढण्याच्या वेगाचं माप) आणि जगाची ताकद 100 कोटी टेराहॅश धरली, तर नंबर सरासरी 95 वर्षांनी. उद्याही लागेल म्हणा. मटक्यावाला तेच सांगतो! वीज मात्र रोज लागते. 3,500 वॅट म्हणजे दिवसाला 84 युनिट. युनिटला 10 रुपयांनी महिन्याला 25,200 रुपये. वर अखंड घरघर, आणि मे महिन्यातलं पत्र्याखालचं लातूर.

अनेकांनी ताकद एकत्र करून मिळकत वाटून घ्यायची, त्या पूलमध्ये याच हिशेबानं महिन्याला सुमारे 0.0027 बिटकॉइन येतील. भावानं गुणून बिलाशेजारी मांडा. नफ्यावर 30 टक्के कर, त्यातून वीजबिल वजा होत नाही.

‘मशीन आमचं, पैसे तुमचे’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेनं मायनिंगच्याच नावावर महिना 10 टक्के परतावा कबूल केला होता, पुणे पोलिसांनी 2018 मध्ये सूत्रधाराला पकडलं.

पुतण्याला शिकायचंच असेल तर 15-20 वॅटचं छोटं यंत्र घेऊ द्या, टेबलावर मावतं.