समोरच्याचा खिसा

आमच्या बीबी गावात पोळ्याच्या करीला तीन पत्तीचे डाव बसायचे. बीबीतच कशाला, वऱ्हाडात कुठे बसत नाहीत? दहावीत असताना मी मागे उभा राहून ते पाहायचो. पाने दिसायची नाहीत, पण माणसं पाठ होती. एक काका चाल टाकताना थांबले की पाने चांगली, कारण वाईट पानांवर ते हमखास घाई करत. दुसरा एक जण गोऱ्हा विकून आला असला की शंभराची नोट दहाच्या नोटेसारखी भिरकवायचा; मालाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले असले की दहा रुपयांसाठी दोनदा खिसा चाचपायचा. त्याच्या शंभराचा अर्थ त्या महिन्यात त्याच्या घरी काय चाललंय, त्यावर ठरायचा. मला ते कळायचं. म्हणून मला वाटलं, आपल्याला डाव वाचता येतो.

या समजुतीवर २०२३ च्या दिवाळीत मी मोबाइलवर पोकर सुरू केलं. स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकानाच्या उधारीच्या वहीत पुढून गावातल्या गिऱ्हाइकांची नावं, आणि मागून मी टेबलावरच्या अनोळखी खेळाडूंची टोपणनावं लिहू लागलो. कोण किती वेळा रेझ करून रक्कम वाढवतो, कोण नुसता कॉल करत, म्हणजे तेवढीच रक्कम घालत, मागे येतो, कोण शेवटच्या पानावर अंगावर येतो. पुढच्या पानांवर माझा अंदाज क्वचितच चुकला. मागच्या पानांवर काय झालं ते सांगतो.

एका रात्रीचा डाव अजून डोळ्यांसमोर आहे. दहा-वीसचं टेबल. माझ्या हातात दोन बादशहा. मधे सगळ्यांसाठीची उघडी पाने: गुलाम आणि सत्ती इस्पिकची, दुर्री चौकटची. मग बदामाची चौकी. समोरचा प्रत्येक वेळी नुसता कॉल करत आला. शेवटचं पान किलवरची सत्ती. पॉट बाराशे होता, मी सहाशे लावले. त्याने आपले सगळे चोवीसशे पुढे ढकलले.

हिशेब मला येत होता. आणखी अठराशे घालायचे, मग पॉट सहा हजारांचा. म्हणजे दहापैकी तीन वेळा तो खोटं बोलत असला तरी माझं नुकसान नाही. गणित बरोबर होतं. त्याने दोन तासांत एकदाही रेझ केलं नव्हतं, हेही माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. गरीब चालीने कॉल करत येणारा माणूस शेवटच्या पानावर अचानक रेझ करतो, तेव्हा लहान टेबलांवर त्याच्याकडे बहुतेक वेळा खरंच मोठी पाने असतात. तरी मी म्हणालो, याचं इस्पिकचं पाचवं पान आलं नाही, आता भीती घालतोय. का म्हणालो? चोवीसशे म्हणजे माझ्या लेखी अर्धा क्विंटल सोयाबीन, तेही २०२४ च्या हमीभावाने. अर्धा क्विंटल कोणी सहज पुढे ढकलत नाही, ढकललं तर घाबरवायलाच, असं मला वाटलं. त्याने एक्का-सत्ती दाखवली. तीन सत्त्या.

तो पुण्याचा होता की पाटण्याचा, पगारदार की कर्जात बुडालेला, मला काय ठाऊक? चोवीसशे ही त्याची एका संध्याकाळची चैन असेल किंवा घरभाडं. रक्कम त्याची होती आणि मी ती माझ्या खिशाने मोजली.

आणखी एक फसगत होती. ही कळायला मला वर्ष लागलं. पोकरमध्ये बहुतेक पॉट पाने न दाखवताच संपतात. मी पाने टाकून दिली, की 'मोठी पाने होती, वाचलो' म्हणायचो. समोरचा मागे सरला, की 'खोटं बोलत होता, पकडला' म्हणायचो. दोन्ही वेळा त्याची पाने मी पाहिलेलीच नसायची. न तपासलेले सगळे अंदाज मी बरोबर धरत गेलो, आणि उघड झालेल्या चुकांना नशीब म्हणालो.

वेळेवरून वाचायचं खूळही होतं. लगेच चेक केलं तर पाने कमजोर, विचार करून रेझ केलं तर भारी, असं काहीबाही. एकदा दुकानातलं नेटवर्क गेलं, माझी खेळी पंधरा सेकंद अडकली आणि समोरच्याने चांगली पाने टाकून दिली. बीबीच्या टॉवरची रेंज त्याने माझा विचार समजून वाचली! मी हसलो. मीही दुसऱ्यांचं असंच काहीतरी वाचत असेन, हे काही तेव्हा सुचलं नाही. एका वेळी चार टेबलं खेळणारा उशिरा खेळतो तो चौथ्या टेबलावर गुंतलेला असतो म्हणून.

आणि समजा, वाचन बरोबर आलं असतं. माझ्या टेबलावर प्रत्येक पॉटमधून शंभराला पाच ॲपवाले काढून घेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर. सहा जण सारखेच हुशार बसले, तरी सहाही जण हळूहळू हरतात. हे गणित मी वहीत कधीच मांडलं नाही.

रात्री एक वाजता माय दारात येऊन विचारायची, "काऊन रे, जागाच अजून?" "फॉर्मची शेवटची तारीख आहे, माय." तिने ते खरं मानलं. माझा चेहरा वाचायला ती कमी पडली असं नाही, मोबाइल माझ्या तोंडासमोर होता.

मी स्वतःहून थांबलो नाही, हे कबूल करायला हवं. २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला, दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली आणि टेबलं बंद पडली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्या कायद्याने बाजूला ठेवला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यानंतर महिनाभरात टेलिग्रामवर मला तीन लिंका आल्या, परदेशातल्या टेबलांच्या. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला दारही नाही. पोरांनो, अशी लिंक आली तर उघडू नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. आणि हात थांबत नसेल तर १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ती सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात. मी लावला होता. पहिली दोन मिनिटं काहीच बोललो नाही, तिकडच्या बाईंनी वाट पाहिली.

बँकेत जाऊन पासबुक छापून घेतलं, तेव्हा जमा वजा जाता एक लाख चौऱ्याऐंशी हजार गेलेले निघाले. टेबल बंद झाल्यावर खात्यात उरलेले तीनशे चाळीस रुपये ॲपवाल्यांनी परत पाठवले. जमेची ती शेवटची नोंद आहे.