रुग्णाच्या सुटीची तयारी : परिचारिकांचे प्रशिक्षण

परळ येथे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. लालबाग-परळच्या चाळींतील कुटुंबांप्रमाणेच कोकण, मराठवाडा व विदर्भातील रुग्णही येथे उपचारांसाठी येतात. सुटी मिळालेला प्रत्येक रुग्ण थेट घरी जातोच असे नाही. बाहेरगावचे कित्येक कर्करोगग्रस्त दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात व पुढील उपचार आटोपल्यावर गावाची वाट धरतात. म्हणून सुटीचे नियोजन करणाऱ्या परिचारिकेने रुग्ण कोठे जाणार, हे प्रथम जाणून घ्यावयाचे असते. तेही रुग्ण दाखल होतानाच.

जिने किती, सोबतीला कोण, त्याला वाचता येते काय, हे प्रश्न किरकोळ नाहीत. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेला चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर परतावयाचे असेल, तर गॅलरीच्या टोकाचे सामाईक शौचालय हीच मोठी अडचण ठरते. कमोडच्या खुर्चीची आठवण सुटीच्या सकाळी होऊन उपयोग नसतो.

प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ द्यावयास हवा तो नातेवाइकांना शिकविण्याच्या सरावाला. तोंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना नाकातील नळीवाटे पातळ अन्न द्यावे लागते. त्यांना बसते करणे, नळीवरील खूण जागेवर आहे ना ते पाहणे, अन्न सावकाश सोडणे, शेवटी पाण्याने नळी धुणे व अर्धा तास आडवे होऊ न देणे, एवढे घरच्यांना यावयास हवे. नळी निसटल्यास ती घरी पुन्हा घालू नये. अन्न श्वासमार्गात गेल्यास जिवावर बेतते. “समजले ना?” असे विचारल्यास भिडेपोटी “हो” असेच उत्तर येते. त्याऐवजी नातेवाइकांकडून ही कृती परिचारिकेच्या देखत, सुटीपूर्वी दोन-तीन वेळा करून घ्यावी.

गर्दीच्या वॉर्डात यासाठी सवड मिळत नाही, ही परिचारिकांची तक्रार रास्तच आहे. मात्र नळीने अन्न देण्याची वेळ रोज येतेच. त्या वेळी नातेवाइकांना जवळ उभे करता येते.

सुटीच्या कागदावर औषधांच्या वेळा, धोक्याची लक्षणे व पुन्हा येण्याची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत असावी. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी स्वतंत्र चिठ्ठी द्यावी. ड्रेसिंग कधी बदलावयाचे आणि टाके कधी काढावयाचे, हे तीत नसेल, तर तेवढ्यासाठी रुग्णाला रात्रीच्या एस.टी.ने पुन्हा परळ गाठावे लागते.