हाकेच्या अंतरावर, पण नजरेआड
घाटमाथ्यावरच्या लांबच्या प्रवासात पाण्याकाठी मुक्कामाची जागा कशी शोधावी

नाशिकहून निघून सह्याद्रीच्या कडेकडेनं दोडामार्गापर्यंत उतरायचं ठरवलं, तर वाटेत भंडारदरा, मुळशी, भाटघर, नीरा देवघर, धोम, कोयना, राधानगरी, तिलारी असे जलाशय एकामागोमाग एक भेटतात. रोजचा मुक्काम पाण्याकाठी करता येईल असा हा रस्ता आहे. मात्र ही नैसर्गिक तळी नाहीत, धरणांचे फुगवटे आहेत. इथलं पाणी ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं. काठाच्या जमिनीला कुणी ना कुणी मालक असतो, आणि तळाशी जुनी गावं असतात. जागा निवडताना या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

निवांत जागा म्हणजे निर्मनुष्य जागा, अशी अनेकांची समजूत असते. रात्री कुणाला विंचू चावला किंवा गाडी चिखलात रुतली, की ती समजूत महागात पडते. मुक्कामाची उत्तम जागा वाडीपासून हाकेच्या अंतरावर, पण नजरेआड असते. मधे एखादी टेकडीची सोंड किंवा आमराई असली की पुरे. तुमचा दिवा गावाला दिसत नाही, पण हाक ऐकू जाते.

आधी पाण्याचं वेळापत्रक

पावसाळ्यात फुगवट्याच्या काठी तंबू लावूच नये. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला, तर एका रात्रीत पाणी कित्येक फूट चढतं. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर कधीच मुक्काम करू नये, कारण विसर्ग कधी सुरू होईल ते आपल्या हातात नसतं.

साधारण १५ ऑक्टोबरच्या सुमारास धरणं भरलेली असतात. दिवाळीत पाणी झाडीला टेकलेलं असतं आणि सपाट जागा कमी मिळते. पुढे सिंचनासाठी आणि विजेसाठी पाणी सुटत जातं, तसा पाणी आणि झाडी यांच्यामधला उघडा उतार रुंद होत जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. थंडी असते, जमीन वाळलेली असते आणि पाणी फार दूर गेलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये पाण्यापर्यंत जायला भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं.

याला अपवाद घाटघरचा. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेला तिथला प्रकल्प उदंचन जलविद्युत पद्धतीचा आहे. विजेची मागणी कमी असताना पाणी खालच्या जलाशयातून वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची, असं तिथलं काम चालतं. त्यामुळे तिथली पातळी ऋतूनुसार नाही, तर रोजच्या रोज हलते. तिथे कोरडा दिसणारा काठ कोरडाच राहील, असं धरून चालू नका.

नकाशा घरी वाचावा

उपग्रह नकाशावर दिसणारं चित्र नेमक्या कोणत्या महिन्याचं आहे, हे आधी तपासा. गूगल अर्थच्या संगणकावरील आवृत्तीत जुनी चित्रं तारखेनुसार पाहता येतात. ऑक्टोबरचं आणि मार्चचं चित्र शेजारी ठेवलं की पाणी कुठून कुठे सरकतं ते कळतं. हिरवी झाडी आणि निळं पाणी यांच्यामधला तपकिरी पट्टा हा बुडीत क्षेत्राचा. आपली जागा या पट्ट्याच्या वर असावी.

मग समोच्च रेषा पाहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दर २० मीटरला एक रेषा असते. रेषा दाटीवाटीनं पाण्यात उतरत असतील, तर काठ खडा आहे. त्या विरळ असतील आणि पाण्यात एखादी सोंड शिरलेली असेल, तर तिथे खूण करून ठेवा. रस्त्याची खात्री करण्याची देशी युक्ती म्हणजे मुक्कामी एसटी. ज्या वाडीत रात्री एसटी थांबते, तिथवर साधी चारचाकी सहसा अडत नाही.

रोज तीन जागा हेराव्यात: एक मनाजोगती, एक चालण्यासारखी आणि एक छप्पर असलेली. शेवटची म्हणजे घरगुती निवास, देवळाचा मंडप किंवा शाळेचा व्हरांडा, अर्थात गावाच्या परवानगीनं.

चार वाजता गाडी थांबवा

हिवाळ्यात डोंगराच्या सावलीतला काठ साडेपाचलाच काळवंडतो. म्हणून चारच्या सुमाराला वाडीत पोहोचा. थेट पाण्याकडे न जाता आधी पारावर, किराणा दुकानात किंवा देवळापाशी थांबा. "इथं तंबू लावला तर चालेल का?" या प्रश्नाला भिडेपोटी "लावा की" असंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा हे प्रश्न विचारा:

– "काका, खाली पाण्याकडं गाडीवाट जाते का? गाळ वाळलाय का?"
– "ते रान कुणाचं? त्यांना विचारायचं तर घर कुठं?"
– "रातच्याला तिकडं काय फिरतं? बिबट्या, गवा, डुक्कर?"
– "जवळपास आग्या मोहोळ आहे का?"
– "पाण्यात कुठं विहीर, जुनी घरं आहेत का?"

जमीन खासगी असेल तर मालकाला, नाहीतर सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगून ठेवा. काठाचा बराच भाग जलसंपदा विभागाचा असतो, काही वनविभागाचा. पाणी ओसरलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात, त्यामुळे मोकळं दिसणारं रान पेरलेलं असू शकतं. आणखी एक भान ठेवावं. या काठांवर राहणाऱ्या अनेकांची खाचरं याच पाण्याखाली गेली आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे नेते होते. आपल्याला देखावा दिसतो तिथे कुणाच्या तरी आजोबांचं घर होतं. परवानगी मागताना हे ठाऊक असलं, की बोलण्याचा सूर आपोआप बदलतो.

जागेची पारख

पाण्याच्या अगदी काठाशी तंबू लावण्याचा मोह टाळा. रात्री थंड हवा उतारावरून घरंगळून पाण्यालगतच्या सखल भागात साचते. तिथे गारठाही जास्त आणि दवही. शे-दीडशे पावलं मागे, थोड्या उंचवट्यावर तंबू लावला तर सकाळी तो बराच कोरडा मिळतो. जलाशयाच्या पश्चिम काठावर समोर पूर्व येते, म्हणजे ऊन लवकर मिळतं आणि तंबू वाळवून वेळेवर निघता येतं.

गाळाची परीक्षा टाचेनं करावी. वरचा पापुद्रा कडक आणि खाली लिबलिबीत, हा गाळाचा स्वभाव आहे. टाच रुतली तर चाक रुतणारच. गाडी मुरमावर, तोंड रस्त्याकडे करून उभी करा. वाळलेल्या झाडाखाली, ओढ्याच्या पात्रात आणि जनावरांच्या पाणवठ्याच्या वाटेवर तंबू नको. चिखलातले ताजे खूर आणि पंजे पाहिले की ती वाट ओळखू येते.

आग्या मोहोळाचा धोका अनेकांच्या गावीही नसतो. कडा किंवा उंच झाडावर पोळी लटकताना दिसली, तर सरळ दुसरी जागा शोधा. धुरानं किंवा उग्र अत्तरानं माश्या उठल्या, तर पळायलाही जागा मिळत नाही.

मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. त्यामुळे तंबूची आतली चेन कायम बंद ठेवा, उघड्यावर झोपू नका आणि सकाळी बूट झटकून घाला. जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं ते उजेडातच विचारून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, पण खोऱ्यात तळाशी मोबाइलला रेंज नसते. ती कुठे मिळते तेही गावालाच ठाऊक असतं.

पाणी आणि आग

फुगवट्यात पोहणं टाळा. तळाशी बांध, विहिरी, घरांची जोती आणि झाडांची खोडं असतात, आणि दोन पावलांत गुडघाभर पाण्याचं पुरुषभर होतं. अंधारात किंवा दारू पिऊन पाण्यात उतरणं तर पूर्ण वर्ज्य. पिण्याचं पाणी गावातून भरून घ्या, नाहीतर उकळून प्या.

भांडी आणि अंघोळ पाण्यापासून दूर, साबणाचं पाणी जमिनीत जिरेल अशा ठिकाणी. पानशेत-वरसगावचं पाणी पुण्याच्या नळाला येतं, हे लक्षात असू द्या. शौचासाठी पाण्यापासून किमान सत्तर पावलं दूर वीतभर खड्डा करून तो बुजवा.

स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर करा. फेब्रुवारीनंतर गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि एका ठिणगीनं वणवा लागतो. राखीव वनात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

कुठे थांबावं, कुठे नाही

*भंडारदरा:* परिसराचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मनाला येईल तिथे तंबू न ठोकता रतनवाडीच्या बाजूला गावकऱ्यांनी केलेल्या सोयीत राहावं. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, इथे शांतता मिळणार नाही.

*पवना आणि मुळशी:* शनिवार-रविवार टाळा. पवनेच्या काठी गाण्यांचे भोंगे आणि तंबूंच्या रांगा असतात. मुळशीला काठाचे अनेक भाग कुंपणाआड गेले आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी स्थानिक शेतकऱ्याच्या जागेवर राहणं उत्तम.

*भोर:* या रस्त्यावरचा सर्वांत निवांत टप्पा. भाटघरचं पाणी वेळवंडीच्या खोऱ्यात लांबवर शिरलं आहे. भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता नीरा देवघरच्या पाण्याकडेनं जातो. एकच दिवस हाताशी असेल तर तो इथे घालवा. घाट ओलांडून महाडला उतरायचं असेल, तर तो वाहतुकीला खुला आहे का याची चौकशी भोरमध्येच करा.

*कोयना:* तापोळा आणि बामणोलीच्या बाजूला गावकऱ्यांच्या जागांवर राहण्याची सोय होते. वासोटा किल्ल्याच्या बाजूचं रान कोयना अभयारण्यात आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे रात्री राहता येत नाही. वासोटा पाहायचा तर वनविभागाची परवानगी काढून, बोटीनं जाऊन दिवसाउजेडी परतायचं. तापोळ्याला तराफ्यावरून गाडी पलीकडे न्यायची असेल, तर शेवटची फेरी कधी ते आधी विचारा.

*राधानगरी आणि तिलारी:* इथे तंबू गाडीतच राहू द्या. दाजीपूरचं रान गव्यांचं आहे, आणि दोडामार्ग-तिलारी भागात रानटी हत्ती वावरतात. पाणवठा त्यांचा आहे, रात्र गावातल्या घरात काढा.

निघताना

जागेचं भाडं मालकाच्या हातात द्या. दूध, अंडी, भाकरी-पिठलं वाडीतूनच विकत घ्या. कचरा, अगदी संत्र्याच्या सालीसुद्धा, गाडीतून परत न्या आणि तालुक्याच्या गावी टाका. फोटो जरूर दाखवा, पण नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. कुणी विचारलं तर खोऱ्याचं नाव सांगा आणि पुढची चौकशी गावात करायला सांगा. ज्याला वाडीत थांबून चार माणसांशी बोलण्याची सवड आहे, त्याला जागा सापडतेच. ज्याला तेवढीही सवड नाही, त्यानं हॉटेलात उतरावं हे काठासाठीही बरं.