बळ आणि संकट यांची सांगड : शेतकरी गटाच्या धंद्याची आखणी

परभणी जिल्ह्यातील काळ्या, खोल जमिनीत कापूस, सोयाबीन व तूर ही पिके चांगली येतात. तथापि, शेतकरी गटाच्या बैठकीत अडचणींची यादी तयार होते व काम तेथेच थांबते. यादी म्हणजे योजना नव्हे.

यासाठी हाइन्झ वाइरिख या व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापकांनी १९८२ साली मांडलेली चौकट उपयोगी पडते. कागदावर डावीकडे बाहेरील संधी व संकटे, तर वरच्या बाजूस गटाचे बळ व उणिवा लिहाव्यात. त्यामुळे मध्ये चार घरे तयार होतात. प्रत्येक घरात एक कृती लिहावयाची असते.

(१) बळ व संकट : गुलाबी बोंडअळीने २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केले. कीड लागलेल्या बोंडांतून कवडी निघते व भाव घसरतो. एकट्याने शेत स्वच्छ ठेवले तरी शेजारच्या शेतातून पतंग येतातच. लागून असलेल्या शेतांचे मालक एका गटात असणे, हेच येथे बळ होय. सर्वांनी कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून टाकावी व फरदड घेऊ नये. फरदडीच्या वेचणीचे चार पैसे बुडतात हे खरे. परंतु पुढील हंगाम वाचतो. एकानेही पऱ्हाटी उभी ठेवल्यास सर्वांचे श्रम वाया जातात.

(२) उणीव व संधी : हाती भांडवल नसल्याने सुगीतच माल विकावा लागतो. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन, तूर गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते.

(३) बळ व संधी : परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळच आहे. अनुभवी गटाने त्याच्या सुधारित वाणांचे बीजोत्पादन हाती घ्यावे.

(४) उणीव व संकट : जिरायत शेतीस पावसाच्या खंडाचे भय असते. तेव्हा सर्व भार एका पिकावर न टाकता सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे.

प्रत्येक कृतीपुढे जबाबदार सभासदाचे नाव व मुदत लिहावी. दर खरिपापूर्वी हा कागद पुन्हा तपासावा. कारण गतवर्षीचे बळ यंदा टिकून असेलच असे नाही.