आई-बाबांना थंड हवेच्या ठिकाणी नेताना

दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यंदा आई-बाबांना महाबळेश्वरला न्यायचं म्हणतोय. आईला बीपी आहे, बाबांचे गुडघे दुखतात. नेलं तर चालेल ना?" विचारणाऱ्या मुलाच्या शेजारीच बाबा बसलेले असतात आणि बहुधा तेच मध्ये बोलतात, "कशाला उगाच? तुम्ही जा, आम्ही घर सांभाळतो."

या नकारात हौस नसते असे नाही. आपल्यामुळे सगळ्यांची सहल खोळंबेल, वाटेत लघवीला थांबावे लागेल, कुठे पाय घसरला तर पोरांच्या जिवाला घोर, ही खरी भीती असते. ही भीती उघड बोलून दाखवली, तर तिच्यावर उपाय सापडतात. म्हणून साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांची सहल कशी आखावी, ते आज पाहू. उदाहरण महाबळेश्वर-पाचगणीचेच घेऊ.

उंचीची भीती किती खरी?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर, म्हणजे साडेचार हजार फूट उंचीवर आहे. पाचगणी त्याहून थोडे खाली. या उंचीवर हवेचा दाब, आणि म्हणून मिळणारा प्राणवायू, समुद्रकाठच्या मानाने साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. ज्यांचे हृदय आणि फुप्फुसे ठीक आहेत त्यांना हा फरक बसल्या जागी कळतही नाही. चढ चढताना मात्र धाप थोडी लवकर लागते. डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे असा जो उंचीचा आजार आपण ऐकतो, तो साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, केदारनाथ त्याहून थोडे वर. त्या यात्रांचे नियम वेगळे. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान येथे उंचीपेक्षा जास्त त्रास देतात त्या चार गोष्टी: थंडी, पायऱ्या, घाटातला प्रवास आणि चुकलेली औषधे.

तरीही काहींनी सहल पुढे ढकलावी. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, छातीत दुखण्याचे प्रमाण वाढत चालले आहे, सपाट झोपले की धाप लागते, रक्तदाब किंवा साखर अजून आटोक्यात नाही, अशांनी आपल्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय निघू नये. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करताना काही वेळा डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरेपर्यंत घाट चढू नये. वर दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो आणि दृष्टीला धोका पोहोचतो. साध्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत असा वायू बहुधा नसतो. तरी विचारून खात्री करावी.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. दोन मजले जिने आपल्या चालीने चढून गेल्यावर छातीत न दुखता, फार धाप न लागता बोलता येत असेल, तर महाबळेश्वरच्या बाजारात फिरायला हरकत नसते.

निघण्यापूर्वीचा आठवडा

आठ दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची जास्त घ्यावीत आणि दोन ठिकाणी ठेवावीत: एक संच हातातल्या पिशवीत, दुसरा मुलाच्या सामानात. गाडीच्या टपावरच्या बॅगेत औषधे टाकू नयेत. चिठ्ठीची एक प्रत आणि एका कागदावर नाव, आजार, औषधांची ॲलर्जी, घरचा फोन नंबर लिहून तो खिशात ठेवावा. मोबाइलची रेंज आणि बॅटरी दोन्ही दगा देऊ शकतात. कागद देत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालू असलेली बाटली किंवा पेन बंद मोटारीत उन्हात ठेवू नये आणि बर्फातही ठेवू नये. चालू बाटली खोलीच्या साध्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते. खिशात साखरेच्या पुड्या किंवा गोळ्या हव्यातच, कारण रोजच्यापेक्षा जास्त चालणे झाले आणि जेवणाला उशीर झाला की साखर एकदम उतरते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे ही तिची लक्षणे.

हंगाम आणि ठिकाण

जून ते सप्टेंबर वृद्धांना घेऊन वर जाऊ नये. धुके, शेवाळलेल्या फरश्या आणि घाटात कोसळणाऱ्या दरडी, तिन्ही गोष्टी वाईट. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि रस्ते तुटले. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक, मे महिन्यात गर्दी आणि वाहनांच्या रांगा. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ उत्तम, तोही शनिवार-रविवार सोडून.

माथेरान सुंदर आहे, पण तेथे मोटारीला बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर जावे लागते. अमन लॉजपासून छोट्या रेल्वेच्या फेऱ्या असतात, ई-रिक्षांचा प्रयोगही डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. गुडघे दुखणाऱ्यांनी आपल्या तारखेला यातले काय चालू आहे, याची फोनवर चौकशी करूनच बेत ठरवावा. महाबळेश्वर-पाचगणीला वाहन दारापर्यंत जाते, ही त्या मानाने मोठी सोय.

खोली घेताना काय विचारावे?

म्हातारपणी पडण्याचे प्रसंग डोंगराच्या कड्यावर कमी आणि रात्री अनोळखी खोलीतल्या न्हाणीघराच्या वाटेवर जास्त येतात. मांडीचे हाड मोडले तर महिनोन् महिने अंथरूण धरावे लागते. कित्येकांचे चालणे पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. म्हणून खोलीचे भाडे विचारण्याआधी पुढील प्रश्न विचारावेत.

१. खोली तळमजल्यावर आहे का? नसल्यास लिफ्ट आहे का?
२. रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? कठडा आहे का? डोंगरउतारावरच्या हॉटेलात "तळमजला" रस्त्याच्या वीस पायऱ्या खालीही असू शकतो.
३. संडास कमोडचा आहे का? जवळ धरायला दांडी आहे का?
४. न्हाणीघर खोलीला लागून आहे का? फरशी गुळगुळीत आहे का?
५. गिझर विजेचा की गॅसचा? गॅसचा असल्यास तो न्हाणीघराबाहेर आहे का?
६. दवाखाना किती दूर आहे? रात्री वाहन मिळते का?

पोहोचल्यावर दिवसा उजेडी पलंगापासून संडासापर्यंतची वाट एकदा चालून पाहावी, वाटेतली सतरंजी गुंडाळून ठेवावी आणि रात्री एक दिवा चालू ठेवावा. उशाशी टॉर्च असावा. झोपेतून उठल्यावर लगेच उभे न राहता मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठले की घेरी येते.

घाटातला प्रवास

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि तेथून पुढे सुमारे वीस किलोमीटरवर महाबळेश्वर. वळणांनी मळमळते त्यांनी पुढच्या आसनावर बसावे, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी, वाचू नये. पोट अगदी रिकामे नको आणि मिसळीवर ताव मारूनही नको. पोहे किंवा पोळी-भाजी पुरे. उलटीची गोळी मनाने देऊ नये. अशा काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गुंगी येते, तोल जातो आणि प्रोस्टेटची गाठ असलेल्या पुरुषांची लघवी अडते. सर्दीच्या अनेक गोळ्यांचेही तसेच.

वाटेत थांबावे लागू नये म्हणून पुष्कळजण सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवीची गोळीही टाळतात. दोन्ही घातक. पाण्यावाचून रक्तदाब उतरतो, बद्धकोष्ठ होते. गोळी चुकल्यावर पायांना सूज येते आणि धाप वाढते. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी, कोणी मागणी करण्याची वाट न पाहता. तेवढ्यात पाचच मिनिटे चालले तरी पायात रक्त साकळण्याचा धोका कमी होतो.

एस.टी.ने जाणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. महिलांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धे तिकीट. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

तीन दिवस कसे घालवावेत?

दिवसाला एकच मुख्य ठिकाण, हा नियम पाळावा. यादीतले बारा पॉइंट उरकण्याची शर्यत वृद्धांसाठी नव्हे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून जेवण आणि झोप. संध्याकाळी वेण्णा तलावाच्या काठी बसावे. नावेत चढता-उतरताना तोल जातो, तेव्हा दोघांनी हात द्यावा. घोड्यावर मात्र हौसेनेही बसवू नये. ठिसूळ झालेल्या हाडांना तेवढा धक्का पुरतो.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर, दहाच्या सुमारास, क्षेत्र महाबळेश्वरला जावे. पंचगंगेच्या देवळात फरशी ओली आणि गार असते. चपला बाहेर काढायच्या असल्याने मधुमेह असणाऱ्यांनी मोजे घालून ओल्या फरशीवर जाऊ नये (पाय घसरतो), परत आल्यावर पाय पुसून तळवे पाहावेत. दुपारी विश्रांती. संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवरून सूर्यास्त पाहावा. आर्थर सीटला पायऱ्या आणि चढ आहे, प्रतापगडाला तर शेकडो पायऱ्या. तेथे तरुणांनी वेगळे जाऊन यावे आणि आई-बाबांजवळ एकाने थांबावे. माकडे असतात तेथे हातात खाऊ धरू नये. दचकून मागे सरकताना माणूस पडतो.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पाचगणीचे टेबल लँड. जांभ्या दगडाचे हे पठार बरेचसे सपाट असल्याने सावकाश चालायला चांगले; घोड्यांच्या वाटेपासून मात्र दूर राहावे.

गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. सहलीसाठी नवे बूट घेऊ नयेत. पायात बसलेले, न घसरणाऱ्या तळाचेच वापरावेत.

थंडी आणि बंद खोली

दर हजार मीटर उंचीला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. म्हणून पहाटेचा सूर्योदय पाहण्याचा हट्ट हृदयरोग्यांनी आणि दमेकऱ्यांनी सोडावा. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. कानटोपी आणि मोजे विसरू नयेत. दम्याचा पंप खिशातच असावा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि उठत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनेही हेच घडते. थंडी वाजली तर आणखी एक रजई मागावी. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असते, तेव्हा आंघोळीचे पाणी कोपराने पाहूनच अंगावर घ्यावे. गरम पाण्याची पिशवी तळव्यांना लावू नये.

खाणे

स्ट्रॉबेरीची वाटीभर फळे मधुमेह असणाऱ्यांनाही चालतात. क्रीम, सिरप आणि जॅम यांचा मोह आवरावा. मक्याचे कणीस घ्यावे, मीठ-मसाला थोडका. बीपी असणाऱ्यांना चणे-फुटाण्यांतले मीठही मोजावे लागते. रात्रीचे जेवण आठपूर्वी आणि हलके ठेवावे.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नका

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. बसल्या जागी धाप. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. पडल्यावर पाय जमिनीवर टेकवता न येणे. आठ-दहा तास लघवी न होणे. यांपैकी काहीही झाले तर "सकाळी पाहू" म्हणू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते आणि मोठ्या उपचारांसाठी वाई किंवा साताऱ्याला उतरावे लागू शकते. म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्यावी, उभ्याने घेतली तर चक्कर येते.

एवढी तयारी वाचून सहल म्हणजे मोठी जोखीम वाटेल. तसे नाही. यातल्या बहुतेक गोष्टी एका संध्याकाळच्या कामाच्या आहेत: एक फोन, एक यादी, एक डॉक्टरांची भेट. घरात वर्षभर चार भिंतींत बसलेल्या माणसाला दोन दिवस वेगळी हवा, वेगळे बोलणे आणि नातवंडांचा सहवास मिळाला की भूक लागते, झोप लागते, मन उल्हसित होते. तेव्हा यंदा बाबा "तुम्ही जा" म्हणाले, तर ऐकून घ्यावे आणि विचारावे, "बाबा, नेमकी भीती कशाची वाटते?" जे उत्तर मिळेल त्यापासूनच बेत आखायला सुरुवात करावी.